अमेरिकेत नव्याने आल्यावर बँक खाते आणि क्रेडिट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण, नोकरी किंवा जोडीदाराची नोकरी या निमित्ताने अमेरिकेत नव्याने दाखल झालेल्या मराठी कुटुंबांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ज्याने भारतात पंधरा वर्षे एकही हप्ता चुकवलेला नाही, अशा माणसालाही येथे पहिल्या महिन्यात क्रेडिट कार्ड नाकारले जाते आणि त्यात त्याची काहीच चूक नसते. येथील क्रेडिटच्या, म्हणजे कर्जव्यवहाराच्या, दप्तरी त्याचे नाव अजून चढलेलेच नसते, एवढेच त्याचे कारण. ते नाव लवकर आणि एकाच स्पेलिंगने चढावे यासाठी काय करावे, यावर पुढील उत्तरांत भर दिला आहे.

१. सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी सरकारचा ओळख क्रमांक) मिळण्याआधी बँकेत खाते उघडता येते का?

होय. खातेदाराचे नाव, जन्मतारीख, पत्ता आणि एक ओळख क्रमांक घेणे बँकेवर कायद्याने बंधनकारक आहे. मात्र अमेरिकी नागरिक नसलेल्या व्यक्तीसाठी हा क्रमांक पासपोर्टचाही चालतो. प्रत्येक बँकेचे स्वतःचे नियम त्याहून कडक असू शकतात आणि ऑनलाइन अर्ज बहुधा सोशल सिक्युरिटी नंबरच्या रकान्यापाशीच अडतो, म्हणून पहिले खाते शाखेत प्रत्यक्ष जाऊन उघडावे. सोबत पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद) ची छापील प्रत, विद्यार्थ्यांनी आय-२० (विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा फॉर्म) आणि नोकरदारांनी नियुक्तिपत्र न्यावे. पत्त्याच्या पुराव्यासाठी घराचा भाडेकरार किंवा विद्यापीठाचे पत्र सहसा पुरते. एका शाखेने नकार दिला तर त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत जरूर विचारावे, विशेषतः विद्यापीठाजवळच्या, कारण तेथील कर्मचाऱ्यांना अशी कागदपत्रे रोज हाताळायची सवय असते.

२. सोशल सिक्युरिटी नंबरसाठी अर्ज कधी करावा? तो सर्वांना मिळतो का?

अर्ज एसएस-५ या फॉर्मवर होतो आणि त्याला कोणतेही शुल्क नाही; पैसे घेऊन हे काम करून देतो म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये. अमेरिकेत पोहोचल्यावर साधारण दहा दिवस थांबून अर्ज करावा, म्हणजे तोपर्यंत प्रवेशाची नोंद सरकारी यंत्रणेत दिसू लागलेली असते. हा क्रमांक कामाच्या परवानगीशी जोडलेला आहे. एच-१बी व्हिसाधारकाला तो सहज मिळतो. एफ-१ विद्यार्थ्याला मात्र कॅम्पसवरील नोकरी किंवा सीपीटी, ओपीटीसारखी शिक्षणाशी निगडित कामाची परवानगी हातात आल्यावरच अर्ज करता येतो. एच-४ वर आलेल्या जोडीदारासाठी प्रश्न ११ पाहावा.

३. चेकिंग आणि सेव्हिंग्ज यांत कोणते खाते घ्यावे? पैसे सुरक्षित असतात का?

रोजच्या व्यवहारासाठी चेकिंग आणि बाजूला ठेवायच्या रकमेसाठी सेव्हिंग्ज, अशी दोन्ही खाती बहुतेक जण ठेवतात. पगार चेकिंगमध्ये येतो, भाडे आणि बिले तेथूनच जातात. त्यावर व्याज नसते किंवा नाममात्र असते. बँक एफडीआयसीची आणि क्रेडिट युनियन (सभासदांची सहकारी पतसंस्था) एनसीयूएची, म्हणजे ठेवींना विमा देणाऱ्या सरकारी संस्थांची, सदस्य असेल, तर प्रत्येक संस्थेत, खात्याच्या प्रत्येक मालकी प्रकारासाठी, प्रत्येक खातेदाराची अडीच लाख डॉलरपर्यंतची ठेव सुरक्षित असते.

खाते निवडताना व्याजापेक्षा शुल्क पाहावे. किमान शिल्लक नसेल किंवा पगार थेट जमा होत नसेल तर अनेक बँका दरमहा शुल्क कापतात. विद्यार्थी खात्यांना सहसा त्यातून सूट मिळते. ओव्हरड्राफ्टविषयीही सावध राहावे. खात्यात पैसे नसताना एटीएम किंवा डेबिट कार्डाचा व्यवहार मंजूर करून त्यावर शुल्क लावायचे असेल, तर त्यासाठी तुमची आगाऊ संमती लागते. खाते उघडताना समोर आलेल्या कागदांवर भराभर सह्या करताना ही संमती नकळत दिली जाते. ती देऊ नये आणि दिली असल्यास मागे घ्यावी.

४. येथे अजून चेक लागतो का? तो कसा लिहायचा?

लागतो. घरमालक, शाळा, प्लंबर असे अनेक जण आजही चेक मागतात. तारखेत महिना आधी येतो, त्यामुळे ०३/०४ म्हणजे ४ मार्च, ३ एप्रिल नव्हे. ही एक चूक भाडे महिनाभर लांबवू शकते. रक्कम चौकटीत आकड्यांत लिहून खालच्या ओळीवर अक्षरांत लिहावी आणि सेंट शंभराच्या अपूर्णांकात दाखवावेत: बाराशे डॉलर पन्नास सेंट असतील तर अक्षरी बाराशे, त्यापुढे ५०/१०० आणि उरलेल्या जागेत एक आडवी रेघ. आकडा आणि अक्षर यांत फरक पडला तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते. भारतात कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारून ‘अकाउंट पेयी’ लिहायची आपली सवय येथे कामाची नाही. चेक जमा करताना त्याच्या मागच्या बाजूस सही करावी लागते.

चेकच्या तळाशी पहिले नऊ अंक राउटिंग नंबरचे, त्यानंतर खाते क्रमांक आणि चेक क्रमांक असतात. राउटिंग नंबर म्हणजे ढोबळमानाने आपला आयएफएससी कोड, पण तो शाखेगणिक वेगळा असतोच असे नाही.

५. भारतातून सुरुवातीचे पैसे कसे आणावेत?

रोख थोडी, उरलेले फॉरेक्स कार्डावर आणि मोठी रक्कम बँकेतून बँकेत, हा क्रम बरा. भारतातून निघताना परकीय चलनी नोटा प्रत्येक प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात. अमेरिकेत उतरताना दहा हजार डॉलरपेक्षा अधिक रोख जवळ असेल, तर ती जाहीर करावी लागते. एकत्र जाहीरनामा भरणाऱ्या कुटुंबाची रक्कम मिळून मोजली जाते. रक्कम आणण्यास मनाई नाही, ती लपवण्यास आहे. निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, म्हणजे आईवडील भारतातून फी पाठवतात तेव्हा ती त्यांच्या मर्यादेत धरली जाते.

येथे खात्यात रोख भरताना दहा हजारांहून अधिक रकमेची माहिती बँक सरकारला देते. ही नियमित प्रक्रिया आहे आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण ती माहिती जाऊ नये म्हणून रक्कम तुकड्या-तुकड्यांनी भरणे हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे, पैसे कितीही सचोटीचे असले तरी.

६. माझा सिबिल स्कोअर उत्तम आहे. तो येथे चालत नाही का?

थेट चालत नाही. येथे इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन संस्था तुमच्या कर्जव्यवहाराची नोंद ठेवतात आणि त्या नोंदीवरून फायको किंवा व्हँटेजस्कोअर या पद्धतींनी ३०० ते ८५० मधील आकडा काढला जातो. सिबिल ही आज ट्रान्सयुनियनच्याच समूहातील संस्था असली, तरी भारतातील नोंद आपोआप इकडे येत नाही.

याला दोन वाटा आहेत. नोव्हा क्रेडिट नावाची सेवा भारतासह काही देशांतील क्रेडिट अहवाल तुमच्या संमतीने अमेरिकी कार्ड कंपनीला वाचता येईल अशा रूपात देते आणि अमेरिकन एक्स्प्रेस ती स्वीकारते. भारतात अमेरिकन एक्स्प्रेसचे कार्ड आधीपासून असेल, तर त्या ओळखीवर येथील कार्डासाठी अर्ज करण्याचीही सोय आहे.

फायकोच्या हिशेबात वेळेवर परतफेडीला साधारण ३५ टक्के, थकबाकीच्या प्रमाणाला ३०, नोंदीच्या वयाला १५ आणि नव्या अर्जांना व कर्जांच्या प्रकारांना प्रत्येकी १० टक्के वजन आहे. पगार, बँकेतील शिल्लक, शिक्षण आणि राष्ट्रीयत्व यांना त्यात अजिबात स्थान नाही. हा आकडा श्रीमंती मोजत नाही, हे एकदा ध्यानात आले की पुढची सगळी उत्तरे सोपी वाटतील.

७. क्रेडिट नाही म्हणून कार्ड मिळत नाही आणि कार्ड नाही म्हणून क्रेडिट तयार होत नाही. सुरुवात कोठून करावी?

ज्या बँकेत पगार जमा होतो, तेथे आधी विचारावे. विद्यार्थ्यांसाठी वेगळी कार्डे असतात. दोन्ही नाही जमले तर सिक्युअर्ड कार्ड घ्यावे. यात तुम्ही ठेव म्हणून काही रक्कम, समजा ३०० डॉलर, बँकेकडे ठेवता आणि साधारण तेवढीच मर्यादा कार्डावर मिळते. ही ठेव म्हणजे बिल नव्हे. दरमहा बिल स्वतंत्र भरायचे असते आणि पुढे कार्ड बंद करताना किंवा साध्या कार्डात बदलताना ठेव परत मिळते. हे कार्ड तिन्ही संस्थांना माहिती कळवते का, एवढा एकच प्रश्न घेण्यापूर्वी विचारावा. नाही असे उत्तर आले, तर ते कार्ड घेऊन उपयोग नाही. याच कारणाने डेबिट कार्ड किंवा प्रीपेड कार्ड कितीही वापरले तरी क्रेडिट तयार होत नाही.

येथे आधीपासून राहणाऱ्या भावाच्या, बहिणीच्या किंवा जोडीदाराच्या जुन्या कार्डावर ऑथराइज्ड युजर म्हणून नाव घालून घेणे हाही चांगला मार्ग आहे, मात्र त्यांची थकबाकी तुमच्याही नोंदीत दिसू शकते, म्हणून ज्यांचा व्यवहार शिस्तीचा आहे अशांच्याच कार्डावर नाव घालावे. एकवीस वर्षांखालील अर्जदाराला स्वतःचे स्वतंत्र उत्पन्न किंवा सहकर्जदार दाखवावा लागतो.

८. मी दरमहा पूर्ण बिल वेळेवर भरतो, तरी स्कोअर खाली का गेला?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्याचे उत्तर दोन तारखांमध्ये दडलेले आहे. समजा, तुमच्या कार्डाची मर्यादा ५०० डॉलर आहे, स्टेटमेंट दर महिन्याच्या ५ तारखेला निघते आणि पैसे भरण्याची शेवटची तारीख ३० आहे. महिनाभरात तुम्ही किराणा, पेट्रोल आणि विमानाचे तिकीट मिळून ४५० डॉलर खर्च केले. ५ तारखेला स्टेटमेंट निघाले, त्यात ४५० दिसले आणि बहुतेक कंपन्या हाच आकडा संस्थांना कळवतात. तुम्ही २० तारखेला सगळे पैसे भरता, एक सेंटही व्याज लागत नाही, पण नोंदीत मात्र या माणसाने मर्यादेच्या ९० टक्के रक्कम वापरली असेच लिहिले गेलेले असते.

उपाय साधा आहे. स्टेटमेंट निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी, म्हणजे येथे २ तारखेच्या सुमारास, मोठा भाग भरून टाकावा. स्टेटमेंटमध्ये ४० डॉलर उरले तर प्रमाण ८ टक्के होईल. तीस टक्क्यांच्या आत राहावे असे सर्वत्र सांगितले जाते, पण तीस ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. प्रमाण जितके कमी तितके चांगले. दिलाशाची गोष्ट अशी की नेहमीच्या स्कोअरमध्ये ताजे प्रमाण धरले जाते, त्यामुळे पुढच्या महिन्यात ते उतरले की स्कोअरही सावरतो.

९. थोडी बाकी ठेवून व्याज भरले तर स्कोअर वाढतो, असे मित्र सांगतात. खरे आहे का?

नाही. स्टेटमेंटची पूर्ण रक्कम शेवटच्या तारखेपर्यंत भरावी. बिल पाठवल्यापासून किमान २१ दिवसांची मुदत देणे कंपनीला बंधनकारक आहे. फक्त किमान रक्कम भरली तर उशिराची नोंद होत नाही, पण उरलेल्या रकमेवर जबर दराने व्याज सुरू होते आणि नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही बहुधा जाते.

१०. पहिला स्कोअर दिसायला किती वेळ लागतो?

फायको स्कोअर निघण्यासाठी किमान एक खाते सहा महिने जुने असावे लागते आणि गेल्या सहा महिन्यांत संस्थेकडे किमान एक नोंद आलेली असावी लागते. व्हँटेजस्कोअर त्याआधीही दिसू शकतो. तुमचा मूळ अहवाल ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम या अधिकृत संकेतस्थळावर तिन्ही संस्थांकडून दर आठवड्याला मोफत पाहता येतो आणि स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

११. मी एच-४ वर आहे, उत्पन्न नाही आणि सोशल सिक्युरिटी नंबरही नाही. माझ्या नावावर काही होऊ शकते का?

होऊ शकते आणि ते करावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. घरातील सर्व खाती आणि कार्डे एकाच्याच नावावर राहिली, तर आजारपण, वियोग किंवा घटस्फोट अशा प्रसंगी दुसऱ्या जोडीदाराला या देशात आर्थिक अस्तित्वच उरत नाही. अशी वेळ आलेल्या भगिनींचे प्रश्न आमच्याकडे येतात आणि तेव्हा शून्यापासून सुरुवात करणे फार जड जाते.

बँक खाते संयुक्त नावाने उघडावे. कामाची परवानगी नसल्यास आयटीआयएन हा कर क्रमांक घेता येतो. त्यासाठी डब्ल्यू-७ हा फॉर्म सहसा संयुक्त टॅक्स रिटर्नसोबत पाठवतात. अनेक कार्ड कंपन्या हा क्रमांक स्वीकारतात. उत्पन्नाच्या रकान्याबाबतचा २०१३ सालचा नियम फार थोड्यांना माहीत असतो: एकवीस वर्षांवरील अर्जदाराला ज्या घरगुती उत्पन्नाचा वाजवी लाभ मिळतो, उदाहरणार्थ संयुक्त खात्यात जमा होणारा जोडीदाराचा पगार, ते उत्पन्न अर्जात दाखवता येते. त्यामुळे तेथे शून्य लिहिण्याची गरज नाही. पुढे कामाची परवानगी आणि सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला की बँकेला, कार्ड कंपनीला आणि तिन्ही क्रेडिट संस्थांना कळवून जुनी नोंद नव्या क्रमांकाशी जोडून घ्यावी.

१२. क्रेडिट नसताना घर भाड्याने किंवा कारसाठी कर्ज कसे मिळेल?

घरमालकाला नियुक्तिपत्र, बँकेतील शिल्लक आणि राज्याच्या नियमांत बसेल एवढी अधिक अनामत देऊ करावी, किंवा जामीन द्यावा. कारचे कर्ज पहिल्या वर्षात महाग पडते, म्हणून आधी क्रेडिट युनियनमध्ये दर विचारावा. चार ठिकाणी दर विचारायचे असतील तर ते दोन आठवड्यांच्या आत उरकावेत. फायको अशा चौकशा एकच धरते. भाडे, वीज आणि फोनची बिले सहसा नोंदीत जात नाहीत, पण थकून वसुलीकडे गेली तर मात्र जातात.

१३. माझ्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचे नाव आहे. येथे प्रत्येक ठिकाणी नाव वेगळे छापले जाते. यामुळे काही बिघडते का?

बिघडते, आणि आपल्या नावांच्या पद्धतीमुळे ही अडचण मराठी माणसाला फारच येते. पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’ रकान्यात स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव शेजारी-शेजारी असतात. एक कार्यालय दोन्ही मिळून पहिले नाव धरते, दुसरे वडिलांचे नाव मधले नाव करते, तिसरे ते गाळून टाकते, तर कार्डावर जागा कमी पडली म्हणून ते मध्येच तुटते. विवाहानंतर नाव बदलले असेल तर आणखी एक रूप वाढते. क्रेडिट संस्था नाव, जन्मतारीख, पत्ता आणि क्रमांक जुळवून नोंद एकत्र करतात. त्यांना जुळणी जमली नाही तर एकाच व्यक्तीची दोन अर्धवट दप्तरे तयार होतात, किंवा मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच व्यक्तीचे कर्ज तुमच्या दप्तरात शिरते.

म्हणून सोशल सिक्युरिटी कार्डावर नाव ज्या रूपात आले आहे, तेच रूप बँक, कार्ड, वाहन परवाना आणि भाडेकरार या सर्वांवर वापरावे. कार्ड मिळताच स्पेलिंग तपासावे आणि चूक असल्यास इतर कोठेही अर्ज करण्यापूर्वी ती दुरुस्त करावी. अहवालात परकी नोंद दिसली, तर संबंधित संस्थेकडे पासपोर्टच्या प्रतीसह लेखी तक्रार करावी. तिला सहसा ३० दिवसांत तपास पूर्ण करावा लागतो.

१४. एकदा बिल भरायला विसरलो. आता काय होईल?

आधी पैसे भरावेत, मग कंपनीला फोन करावा; पहिल्या चुकीचे विलंब शुल्क अनेकदा माफ होते. ३० दिवसांच्या आत भरले, तर क्रेडिट अहवालात उशिराची नोंद सहसा जात नाही. ती गेली, तर सात वर्षे राहते. यावर उपाय म्हणून किमान रकमेचे तरी ऑटोपे लावून ठेवावे.

१५. अर्ज नाकारला गेला. लगेच दुसरीकडे करू का?

थांबावे. अहवालातील माहितीवरून नकार दिला असेल, तर कारण आणि क्रेडिट संस्थेचे नाव कंपनीने तुम्हाला कळवणे बंधनकारक असते आणि ६० दिवसांत त्या संस्थेकडून अहवाल मोफत मागता येतो. कारण पुरेशी नोंद नाही असे असेल तर प्रश्न ७ मधील मार्ग धरावा. नावाचा किंवा पत्त्याचा घोळ असेल तर प्रश्न १३ पाहावा. प्रत्येक नवा अर्ज चौकशी म्हणून दोन वर्षे अहवालात दिसतो.

१६. फसवणूक झाली तर पैसे परत मिळतात का?

क्रेडिट कार्डाच्या अनधिकृत वापरात तुमची जबाबदारी कायद्याने फार तर ५० डॉलरची असते. डेबिट कार्ड हरवल्याचे कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ती ५० डॉलर, त्यानंतर ५०० डॉलरपर्यंत आणि स्टेटमेंट मिळून ६० दिवस उलटले तर त्यापुढच्या नुकसानीला मर्यादाच उरत नाही. म्हणून दुकानात आणि ऑनलाइन क्रेडिट कार्ड वापरावे.

मात्र झेलवरून (बँक खात्यातून थेट पैसे पाठवण्याच्या सेवेवरून) तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसे परत मिळणे कठीण असते. नव्या विद्यार्थ्यांना ‘व्हिसा रद्द होईल’ अशी भीती घालून गिफ्ट कार्डांतून पैसे मागणारे फोन येतात. कोणतेही सरकारी कार्यालय असे पैसे मागत नाही. अनोळखी माणसाने दिलेला चेक खात्यात जमा झालेला दिसला, तरी तो काही आठवड्यांनी परत जाऊ शकतो आणि तोवर खर्च केलेली रक्कम तुम्हालाच भरावी लागते. तिन्ही संस्थांकडे आपले क्रेडिट गोठवून ठेवणे मोफत आहे. नवे कार्ड घ्यायचे नसेल त्या काळात ते गोठवलेलेच ठेवावे.

१७. भारतातील खात्यांचे काय करायचे?

अनिवासी झाल्यावर साधे बचत खाते एनआरओ या अनिवासींच्या खात्यात बदलून घ्यावे लागते. येथील कमाई भारतात ठेवायची तर एनआरई खाते उघडावे. एनआरईचे व्याज भारतात करमुक्त असते, परंतु अमेरिकेत कराच्या दृष्टीने निवासी ठरलेल्या व्यक्तीला ते येथे दाखवावेच लागते. ही चूक सुशिक्षित माणसेही करतात.

अशा निवासी व्यक्तीच्या परदेशातील सर्व खात्यांची मिळून रक्कम वर्षात एखाद्या दिवशीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर एफबीएआर हा परदेशी खात्यांच्या माहितीचा अहवाल ऑनलाइन भरावा लागतो. त्यात कर नसतो, फक्त माहिती असते, पण न भरल्यास दंड मोठा आहे. सोयीसाठी आईबाबांच्या मुदत ठेवीवर घातलेले तुमचे दुसरे नावही यात मोजले जाते. एफ-१ विद्यार्थी सहसा पहिली पाच कॅलेंडर वर्षे अनिवासी असतात आणि तोवर त्यांना हा नियम लागू होत नाही. भारतातील शैक्षणिक कर्ज येथील अहवालात दिसत नाही, पण हप्ता चुकला तर सिबिल बिघडते आणि सहकर्जदार असलेल्या वडिलांचेही बिघडते. ओटीपीसाठी भारतातील मोबाइल क्रमांक रोमिंगसह चालू ठेवावा. तो बंद पडला की खाते असूनही हाती काही राहत नाही.

१८. कायमचे भारतात परत जात आहोत. सगळे बंद करून जावे का?

घाईने नव्हे. घराची अनामत बहुधा तुमच्या नावाच्या चेकने परत येते आणि टॅक्सचा परतावाही येथील खात्यात येतो, म्हणून एक चेकिंग खाते हे दोन्ही मिळेपर्यंत ठेवावे. कार्डांची पूर्ण रक्कम भरून, त्यानंतर आणखी एक स्टेटमेंट येऊ द्यावे, कारण उरलेले व्याज किंवा एखादी विसरलेली मासिक वर्गणी त्यातच दिसते. बिनशुल्क जुने कार्ड बंद न करता ठेवता येते, मात्र ते वर्षभर वापरले नाही तर कंपनी बंद करू शकते. व्यवस्थित फेडून बंद केलेले खाते पुढे दहा वर्षांपर्यंत अहवालात राहू शकते. सोशल सिक्युरिटी नंबर आयुष्यभर तोच राहतो, त्यामुळे त्याचे कार्ड जपून ठेवावे; पुन्हा अमेरिकेत आलात, तर नवा क्रमांक मिळत नाही.